घाटात बंद पडणारा ट्रक

मी ट्रक चालवतो. हे सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवावं लागलं तेव्हापासून आमच्या नवप्रभात इमारतीत माझ्याबद्दल बरंच काही बोललं जातं, म्हणून एकदाचं नीट सांगून टाकतो. मी लवू तांबे, वय त्रेसष्ट, राहणार भांडुप पश्चिम. मला सायकलसुद्धा धड येत नाही. ट्रक आहे तो कॉम्प्युटरच्या गेममधला. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी आणि माझी मुलगी जान्हवी आपापला ट्रक बाहेर काढतो. ती कॅनडात एडमंटनला असते, तिथे तेव्हा शनिवारचं जेवण उरकलेलं असतं. कानाला हेडफोन लावायचे, दोघांनी एकाच रस्त्याला लागायचं आणि युरोपातला कुठला तरी माल कुठे तरी पोचवायचा, एवढाच तो खेळ.

चौतीस वर्षं मी एका औषध कंपनीच्या डिस्पॅचमध्ये काढली. नागपूर, इंदूर, हुबळी, सगळीकडे ट्रक पाठवले, पण स्वतः एकाही ट्रकात बसलो नाही. जान्हवीला हे माहीत होतं. कॅनडाला जाताना तिने आपला भलामोठा कॉम्प्युटर इथेच ठेवला आणि त्यात हा गेम टाकून दिला. "बाबा, आता तूच माल घेऊन जा," म्हणाली. मी ताशी चाळीसच्या वर जात नाही. वळायच्या अर्धा किलोमीटर आधी सिग्नल देतो. जान्हवी भुर्रकन पुढे जाते आणि पेट्रोल पंपावर माझी वाट बघत उभी राहते.

खरं सांगायचं तर मला त्या खेळाचं काही नाही. फोनवर आमचं बोलणं होत नाही, ही खरी गोष्ट. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकतो आणि "चल, ठेवते" म्हणून ती ठेवते. आमच्या घरात बोलायचं खातं शकुकडे होतं. शकु म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मुलीशी इतकी वर्षं जे बोलत होतो ते सगळं शकुच्या मार्फत. पण ट्रक चालवताना समोर बघायचं असतं, हात कामात असतात, आणि मग माणूस बोलतो. तिच्या साहेबाचा तिरसटपणा, एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा, हे सगळं मला हायवेवर कळलं. आठवड्यातून हा एक तास. उरलेले एकशे सदुसष्ट तास मी घरात असतो आणि घर गप्प असतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही ऑस्ट्रियाच्या घाटात होतो. माझ्या ट्रकात बावीस टन चीज. जान्हवी म्हणाली, "आई गेल्यापासून ना बाबा, मला सारखं..."

आणि स्क्रीन काळा. सीपीयूने एक उसासा टाकला आणि स्वतःच पुन्हा सुरू झाला, जणू काही झालंच नाही. मी धडपडत परत गेममध्ये शिरलो. "काय म्हणत होतीस?" विचारलं, तर म्हणाली, "काही नाही रे, राहू दे." पुन्हा निघालो. घड्याळ लावून सांगतो, बाविसाव्या मिनिटाला पुन्हा काळोख.

पुढचा रविवार, पुन्हा बावीस मिनिटं. गंमत म्हणजे एरवी काही होत नसे. मेल बघा, वीजबिल भरा, भजनं लावा, दिवसभर चालायचा. ट्रक घाटात शिरला की मात्र संपलं. मला चीजचं दुःख नव्हतं. बावीस मिनिटांत आमची प्रस्तावनासुद्धा संपत नाही. जेवलास का, जेवलो यालाच दहा मिनिटं जातात. त्या अर्ध्या वाक्यापर्यंत तर आम्ही परत पोचतच नव्हतो.

माझ्याकडून एक चूक झाली. मी हे जिन्यात बोललो.

संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरचे नाना टेस्टर घेऊन हजर. नाना ट्रॉम्ब्याला अणुकेंद्रात नोकरीला होते. स्टोअरमध्ये. खिळे आणि स्क्रू मोजून द्यायचं काम. पण ट्रॉम्ब्याचं नाव असं आहे की आमच्या इमारतीत मिक्सर बिघडला तरी पहिला शब्द नानांचा. त्यांनी तीन दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, माझ्या प्लगमध्ये टेस्टर घालून वहीत काहीतरी लिहिलं. प्रत्येक वेळी चहा घेतला. चौथ्या दिवशी निकाल दिला, "तांबे, तुमचं व्होल्टेज नाचतंय. अर्ज करा."

समोरच्या मालनताई मूळच्या कणकवलीच्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "भावजी, व्होल्टेज-बिल्टेज काय नाय. दिष्ट लागली हा ह्येका." मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि सीपीयूवरून सात वेळा ओवाळून गॅसवर जाळल्या. नाना आणि मी अर्धा तास खोकत होतो. मालनताई जाताना सीपीयूवरून हात फिरवत म्हणाल्या, "वैनींचो हात काय सुंदर होतो."

म्हणजे सीपीयूच्या कव्हराबद्दल. आमच्या घरात उघडं काही राहत नसे. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये. जान्हवीने कॉम्प्युटर आणला त्याच आठवड्यात शकुने टेपने माप घेऊन विणायला घेतलं. जाड पिवळी लोकर, आतून शिवलेलं अस्तर, मागे वायरींपुरती फट आणि बटणाच्या जागी लाल फूल. दीड महिना लागला. जान्हवीने ते एक दिवसही घालू दिलं नाही. मायलेकींमध्ये पंधरा दिवस अबोला होता. मग ते माळ्यावरच्या पेटीत गेलं. या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हाती लागलं, डांबरगोळ्यांच्या वासासकट. झटकलं, उन्हात टाकलं आणि घातलं. इतकं बरोबर बसलं की मी बराच वेळ समोर खुर्ची टाकून बघत राहिलो. नानाही तीन दिवस त्याच्याकडे बघत चहा पीत होते. "वहिनींचं काम म्हणजे मशीनसारखं," म्हणाले.

तर नानांच्या सांगण्यावरून मी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटून बघितला.

"मीटर शकुंतला लवू तांबे यांच्या नावावर आहे. या कोण?"

"माझी मिसेस."

"मग अर्जावर त्यांची सही लागेल. ग्राहकाने स्वतः यायचं असतं."

"तिला नाही येता येणार."

"बाहेरगावी आहेत का?"

माझ्यामागे नऊ माणसं उभी होती. मी हो म्हणालो.

"कधी येतायत?"

"तसं काही सांगितलं नाही," मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं. त्यांना वाटलं भांडण आहे. एक छापील कागद पुढे सरकवला. "हे अधिकारपत्र. त्यांची फक्त सही आणा काका, पुढचं मी करते."

चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर एक कागद तुंबला नाही. मृत्यूचा दाखला कपाटात आहे, चार झेरॉक्ससकट. नाव बदलायला दोन वर्षांत एक फेरी पुरली असती, मला माहीत आहे. पण बिल येतं तेव्हा पाकिटावर शकुचं नाव असतं. पोस्टमन खालून "शकुंतला तांबे" अशी हाक मारतो आणि मी वरून "आहेत, आहेत" म्हणतो. महिन्यातून एकदा तेवढंच. अधिकारपत्र घरी आणून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

या सगळ्यात एक गोष्ट झाली, ती मात्र झकास. जान्हवी रोज फोन करायला लागली. ऑफिसला निघण्याआधी तिचा फोन यायचा. "बाबा, बंद पडताना आवाज येतो का? दिवा कुठला लागतो? वायर घट्ट आहे का बघ." मी टेबलाखाली वाकून उत्तरं द्यायचो. वीस-वीस मिनिटं. टेबलाखाली वाकलेला माणूसही ट्रकवाल्यासारखाच बोलतो असं माझ्या लक्षात आलं. एकदा ती म्हणाली, "व्हिडिओ लाव आणि मला मागची बाजू दाखव." मी मोबाइल धरून सीपीयूभोवती प्रदक्षिणा घातली. ती एकदम गप्प झाली. मी दोन-तीनदा हॅलो हॅलो केलं तेव्हा म्हणाली, "आहे, आहे. नेट अडकलं होतं."

शेवटी मी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. प्रबुद्ध कांबळे, चाळिशीचा माणूस. पवईला मोठ्या कंपनीत इंजिनियर होता, तिथल्या मीटिंगांना कंटाळून त्याने स्टेशनजवळ दुकान टाकलं. शकुचं कव्हर काढून, नीट घडी घालून कपाटात ठेवलं. दुकानात ग्रीसचे हात लागायचे. सीपीयू चादरीत गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसलो.

दुकानात दीड तास ढिम्म काही झालं नाही.

"काका, तुम्ही स्वतः चालवून दाखवा," प्रबुद्ध म्हणाला. मी स्टुलावर बसलो, ट्रक काढला. मागे मोबाइल दुरुस्तीला आलेली तीन-चार माणसं गोळा झाली. एक जण म्हणाला, "काका, ओव्हरटेक मारा ना यार, किती वेळ टेम्पोच्या मागे?" मी म्हटलं, "मधली रेघ अखंड आहे." तो हसला. मी हसलो नाही. रेघ अखंड होती. घाट चढलो, घाट उतरलो, ट्रक जागेवर लावून हॅन्डब्रेक ओढला. मशीन खणखणीत.

घरी आणलं. पुसलं, कव्हर घातलं, ट्रक काढला. बावीस मिनिटं.

असं चार वेळा झालं. दोनदा तर प्रबुद्ध घरी आला. यायच्या आधी फोन करायचा, मी कव्हर काढून ठेवायचो, पेपर अंथरून जागा तयार करायचो. तो असेपर्यंत कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालायचा. त्याने मशीनचा पॉवर सप्लाय बदलून बघितला, पंखे साफ केले, पेस्ट की काय ती नवीन लावली. तो गेला की माझी वाट लागलीच. तिसऱ्या खेपेला तो मशीनऐवजी माझ्याकडे बघायला लागला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी तुमच्यासोबत कोण असतं?"

मी म्हटलं, "मी असतो."

हे कमी होतं म्हणून सोसायटीची नोटीस आली. सेक्रेटरी शरच्चंद्र राणे. यांनी आयुष्यात एकदाही "अहो तांबे, जरा येता का" असं म्हटलेलं नाही, सगळं लेटरहेडवर. आपल्या सदनिकेत यंत्रसामग्रीची वारंवार ने-आण होत असल्याचे निदर्शनास आले असून, तेथे व्यावसायिक स्वरूपाचे कामकाज चालत असल्यास खुलासा करावा. मी खुलासा केला. सदर सदनिकेत मी दर रविवारी सकाळी नऊ ते दहा ट्रक चालवतो, त्यापासून कोणतेही उत्पन्न नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोसायटीच्या आवारात अवजड वाहन उभे करण्यास परवानगी नाही.

यावर जान्हवी फोनवर इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला असं हसताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. राण्यांचे माझ्यावर तेवढे उपकार आहेत.

शनिवारी दुपारी बेल वाजली. प्रबुद्ध. फोन न करता. त्याचा स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे राहिला होता. तो आत आला आणि टेबलापाशी थबकला.

"काका, हे काय आहे?"

"कव्हर."

"हे नेहमी असतं?"

"नेहमी असतं. तू येणार असलास की काढून ठेवतो. मळतं."

प्रबुद्ध खाली बसला. लाल फुलाशेजारी तळहात ठेवला आणि मग माझा हात धरून तिथे टेकवला. मी नुकताच एकट्याने चालवून बघताना घाटात बंद पडलो होतो आणि लोकर अजून गरम होती. त्याने अस्तर चाचपून बघितलं. मला वाटलं आता हा हसेल. पण तो हसला नाही. "कुणी विणलंय?" विचारलं. मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "चांगलं विणलंय. कुठूनच हवा जात नाही." स्क्रूड्रायव्हर घेऊन, चहा न घेता गेला.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. आमच्या फ्रिजला बावीस वर्षं कव्हर आहे, तो कधी बंद पडला नाही. मिक्सर कधी पडला नाही. आणि शकुने सगळ्यांत जास्त मेहनत केली ते नेमकं या दीडशहाण्या मशीनला सोसत नाही. तरी रविवारी सकाळी कव्हर काढलं. बाविसावं मिनिट आलं आणि गेलं. घाट संपला. पुढे इटली लागली. सव्वा तास आम्ही चाललो. जान्हवी म्हणाली, "वा बाबा, सुटलास एकदाचा." मी कारण सांगितलं नाही. "चालतंय आता," म्हटलं.

सोमवारी तिचा फोन आला नाही. कशाला येईल, सगळं चालत होतं. मंगळवारी नाही. नानांना मी सांगून टाकलं होतं की व्होल्टेज बरोबर झालं, त्यांनी आपली वही मिटली आणि तेही यायचे बंद झाले. मालनताईंनी जिन्यात विचारलं, "उतारली ना दिष्ट?" मी हो म्हटलं, त्या खाली गेल्या. बुधवारी मी एकट्यापुरता चहा केला आणि बेल वाजतेय का म्हणून उगाच दोनदा दार उघडलं. राण्यांची नोटीससुद्धा नाही. सीपीयू टेबलाखाली उघडावाघडा, चकचकीत, व्यवस्थित चालू.

गुरुवारी मी कव्हर परत घातलं. मला कळत होतं मी काय करतोय.

रविवारी नऊ बाविसला स्क्रीन काळा झाला. मिनिटभरात फोन वाजला.

"काय झालं रे बाबा?"

"बंद पडला."

"आता परत? मागच्या वेळी सव्वा तास चालला की."

"काय माहीत. व्होल्टेज असेल."

ती गप्प बसली. या वेळी नेट अडकलेलं नव्हतं, तिच्या खोलीतला हीटर घरघरताना मला ऐकू येत होता.

"बाबा, आईचं कव्हर घातलंस ना परत?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कधी पकडला गेलो नव्हतो. "हो," म्हटलं. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"व्हिडिओवर मागची बाजू दाखवलीस ना, तेव्हापासून."

"मग बोलायचं नाही? अगं, मी वीज कंपनीत जाऊन आलो. मालनताईंनी मिरच्या जाळल्या. प्रबुद्ध मला वेडा समजायला लागला."

"कसं बोलणार? आईला एकदा बोलले होते. काढ ते, तापतं त्याने, असं ओरडले. ती काही बोलली नाही रे. फक्त घडी घातली त्याची. आई गेल्यापासून ना बाबा, मला सारखं तेच दिसतं. ती बसून घडी घालतेय. मग तुलापण काढ म्हणून कसं सांगू? आणि तू रोज बोलायला लागला होतास."

सहा आठवडे मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते हे. आमच्या दोघांच्याही हातात स्टिअरिंग नव्हतं, समोर रस्ता नव्हता, तरी आम्ही बोलत होतो. मी तिला पाकिटावरच्या नावाचं आणि पोस्टमनच्या हाकेचं सांगितलं. ड्रॉवरमधल्या अधिकारपत्राचंही सांगितलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दोघंही रडलो, मी जरा जास्त.

मग ती नाक पुसत म्हणाली, "ते कव्हर मला पाठव."

"तुझ्या कॉम्प्युटरला?"

"हो. माप सारखंच आहे."

"अगं, तुझाही बंद पडेल."

"पडू दे. पडला की तुला फोन करीन."

मंगळवारी मी कुरियरच्या ऑफिसात गेलो. पॅकिंग त्यांना करू दिलं नाही, ते काम मला येतं. आत डांबरगोळी, वर पुठ्ठा, कडांना दुहेरी पट्टी, चारही बाजूंना पत्ता. फॉर्मवर वस्तूचं वर्णन असा रकाना होता. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "आत काय आहे काका? बरोबर लिहा, कस्टमवाले विचारतात."

मी पेन घेतलं आणि डिस्पॅचच्या अक्षरात लिहिलं, कॉम्प्युटरचा सुटा भाग, हाताने विणलेला, चालू स्थितीत.